बारा डाउनलाईट आणि सासूबाईंची पोथी

प्रश्न : ताई, आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती. साडेचार वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि आता सहाव्या मजल्यावर ४५० फुटांचा वन बीएचके ताब्यात आलाय. हॉल १६ बाय १० चा आहे. समोरची विंग इतकी जवळ आहे की दुपारी चारनंतर लाईट लावावाच लागतो. घरात आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. कॉन्ट्रॅक्टरने हॉलला पीओपी करून त्यात बसवलेले १२ वॉटचे १२ डाउनलाईट, कडेने खोबणीत लपवलेला कोव्ह लाईट, बेडरूमला ६ आणि किचनला ४ डाउनलाईट असा प्लॅन दिलाय. सासूबाई म्हणतात, ‘मला आपली ट्यूबच बरी, पोथीची अक्षरं दिसतात.’ मुलीला सगळीकडे पिवळा लाईट हवाय. मिस्टर म्हणतात, खर्च एकदाच होतोय तर भरपूर लाईट घेऊन टाकू. सोमवारी मिस्त्री येणार आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टरला फोन करा आणि सांगा, या सोमवारी नको, पुढच्या सोमवारी ये. साडेचार वर्षं थांबलात, आणखी आठ दिवसांनी काही बिघडत नाही. पीओपी एकदा झालं की त्यातला लाईट अर्धा फूट सरकवायचा तरी पुन्हा छत फोडावं लागतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कॉन्ट्रॅक्टरने छत मोजलंय, त्याचे सारखे भाग पाडलेत आणि प्रत्येक भागात एक लाईट टाकलाय. सासूबाई कुठल्या खुर्चीत बसून पोथी वाचतात, मुलगी अभ्यासाला कुठे बसणार, तुम्ही ओट्यावर सिंकच्या डावीकडे भाजी चिरता की उजवीकडे, यातलं काहीच त्याने विचारलेलं दिसत नाही. मी तीस वर्षं मुंबईतल्या लहान घरांची कामं करते आहे आणि लाईटच्या बाबतीत हीच चूक सगळ्यात जास्त पाहिली आहे.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, दारावर एकच ट्यूब. आई दुपारी तांदूळ निवडायला गॅलरीतल्या उंबऱ्यापाशी बसायची. ऊन सरकलं की तीही ताट घेऊन वीतभर सरकायची. संध्याकाळी पाहुणे आले आणि अजून तांदूळ निवडायचे असले की ती ट्यूबखाली बसायची, पण ट्यूबकडे पाठ करून कधीच नाही. भिंतीला टेकून, अंग तिरकं करून बसायची आणि ताट गुडघ्यावर थोडं कलतं धरायची. डोक्याची सावली ताटातून बाहेर गेली की मगच खडे वेचायला सुरुवात. खोलीत उजेड किती आहे यापेक्षा तो ताटात कुठल्या बाजूने येतोय, हे तिला नेमकं कळायचं. तुमच्या घरात मला तेवढंच करायचंय. फक्त तिथे आई सरकायची, इथे आपण लाईट सरकवू.

तर या आठ दिवसांत एक काम करा. रिकाम्या फ्लॅटवर संध्याकाळी साडेसात वाजता सगळे मिळून जा, सासूबाईंनाही न्या. सोबत एक एक्स्टेन्शन बोर्ड, एक टेबल लॅम्प, एक साधा होल्डर आणि खडू घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची मांडून सासूबाईंना हव्या त्या जागी बसवा आणि पोथी हातात द्या. मग लॅम्प त्यांच्या डाव्या खांद्यामागे धरा, उजव्या धरा, वर धरा, खाली धरा. कुठे धरल्यावर त्या ‘हां, आता दिसतंय’ म्हणतात ते बघा आणि तिथे भिंतीवर खडूची फुली मारा. मुलीसाठी, ओट्यापाशी, आरशापाशी असंच करा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर तुमच्याकडे जो प्लॅन असेल तो कॉन्ट्रॅक्टरच्या प्लॅनपेक्षा चांगलाच असेल, ही खात्री मी देते.

आता मिस्टरांच्या ‘भरपूर’चा हिशेब. लाईट वॉटमध्ये मोजायची आपली सवय बल्बच्या काळातली. वॉट म्हणजे तो वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. तो उजेड जागेवर किती पडतो ते लक्समध्ये मोजतात : एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. हॉलमध्ये बसणं-उठणं, गप्पा, टीव्ही यासाठी १५० लक्स पुष्कळ झाले. तुमचा हॉल १६० चौरस फूट, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. १५ गुणिले १५० म्हणजे २२५० लुमेन. भिंती, छत आणि धूळ यात बराच उजेड जिरतो, म्हणून ४००० धरा. २० वॉटची एक एलईडी पट्टी, म्हणजे ट्यूबसारखा लांब दिवा, सुमारे २००० लुमेन देते, म्हणजे दोन पट्ट्यांत काम झालं. कॉन्ट्रॅक्टरचे १२ डाउनलाईट मिळून १४४ वॉटचे, त्यांचे होतात जवळपास १३,००० लुमेन. गरजेच्या तिप्पट, आणि कोव्ह लाईट त्यात अजून धरलेलाच नाही. रोज सहा तास लावले तर महिन्याला २६ युनिट, दोन पट्ट्यांना ७ युनिट लागतात.

विजेचं एक वेळ सोडा. अशा घरांत मी काय बघते सांगते. पहिले पंधरा दिवस सगळे लाईट लागतात, पाहुणे कौतुक करतात. मग डोळ्यांवर येतात म्हणून अर्धे बंद राहतात. वर्षभरात फक्त कोव्ह लाईट लागतो, आणि त्या मंद उजेडात मूल गणितं सोडवत बसलेलं असतं. डाउनलाईटचा उजेड खाली थेट पडतो. तुम्ही उभ्या असाल तर डोक्यावर पडतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांखाली सावल्या येतात. सोफ्यावर मान टेकलीत तर नेमका डोळ्यांत जातो. भिंती मात्र तशाच अंधाऱ्या राहतात, आणि भिंती अंधाऱ्या असल्या की लहान खोली आणखी लहान दिसते.

शिवाय पंखा. मुंबईत पंखा बारा महिने फिरतो, पण लाईटच्या प्लॅनमध्ये त्याचा विचार कोणी करत नाही. ४८ इंची पंख्याचं पातं मधल्या रॉडपासून दोन फुटांपर्यंत जातं. पात्याच्या वर छतात जवळपास डाउनलाईट असला की पात्यांची सावली खोलीभर फडफडते. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं आणि कशाने दुखतंय ते कळत नाही. छतात लाईट घ्यायचेच असतील तर पंख्याच्या मध्यापासून निदान चार फूट लांब घ्या. तुमच्या दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये याचा अर्थ भिंतीला लागून, एवढाच होतो.

म्हणून माझं मत असं की हॉलमध्ये फॉल्स सीलिंग करूच नका. नव्या इमारतींची उंची आधीच बेताची असते, त्यात पीओपी चार ते सहा इंच खातं आणि पंखा तेवढाच खाली येतो. वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळायला लागलं तर ते पाणी पीओपीच्या वर साचतं आणि कळतं तेव्हा लाईट शॉर्ट झालेले असतात. छताला पांढराशुभ्र रंग द्या. लांबीच्या दोन्ही भिंतींवर, वरून फूटभर खाली, एकेक पट्टी अशी लावा की उजेड भिंतीवर आणि छतावर पसरून खोलीत येईल. दुकानात ‘अप-डाउन’ पट्टी मागितली तर मिळते. पांढरं छत ८० टक्के उजेड परत देतं. टीव्हीमागची भिंत गडद हिरवी करायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, गडद रंग जेमतेम १०-१५ टक्के परत देतो. एखादी भिंत चालेल, पण खिडकीसमोरची नको. समोरच्या विंगवरून जो काही उजेड येतो, तो त्याच भिंतीवर आपटून आत येणार आहे.

सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्या. त्या जुन्या वळणाच्या आहेत म्हणून ट्यूब मागत नाहीत. वयानुसार डोळ्याची बाहुली बारीक राहते, आतलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीत पोचतो. त्या ७४ च्या आहेत. तुमच्या मुलीला ज्या उजेडात बातमी वाचता येते, त्यात त्यांना फक्त मथळा दिसतो. त्यांना वाचायला ५०० लक्स हवेत. पण तेवढा उजेड सगळ्या हॉलभर केलात तर तो त्यांनाच सोसणार नाही, कारण मोतीबिंदू धरू लागला की डोळ्यांसमोरच्या दिव्याची तिरीप उजेडापेक्षा जास्त त्रास देते. उपाय सोपा आहे. त्यांच्या खुर्चीजवळ, खडूच्या फुलीपाशी, खांद्यामागून येणारा एक भिंतीवरचा लॅम्प लावा. ९ वॉटचा बल्ब आणि त्याला खोल शेड, म्हणजे बसल्या जागेवरून बल्ब दिसणार नाही, फक्त पान उजळेल. दिवा जवळ आला की फार फरक पडतो : अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो. छतातला १२ वॉटचा डाउनलाईट जे करू शकत नाही ते हातभरावरचा ९ वॉटचा बल्ब करतो. आणि बटण खुर्चीत बसूनच हाताला लागलं पाहिजे. उठून लावावा लागणारा दिवा म्हातारी माणसं लावत नाहीत, तशीच अंधारात वाचत बसतात.

त्या रात्री उठत असतील. बेडरूमपासून संडासापर्यंतच्या पॅसेजमध्ये जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन छोटे पिवळे फूटलाईट लावा, हालचाल ओळखून लागणारे. रात्री दोन वाजता डोक्यावरचा मोठा लाईट लावला की डोळे दिपतात आणि तो बंद केला की काही क्षण काहीच दिसत नाही. पडायची भीती तेव्हाच असते. लाईटचा सगळा खर्च आटोक्यात आणायची वेळ आली तरी यात कपात करू नका.

किचन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही कामावरून येऊन रोज दीड-दोन तास तिथे उभ्या राहणार. बिल्डर किचनचा पॉईंट छताच्या मध्ये किंवा दाराच्या वर देतो. तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलात की तो लाईट पाठीमागे येतो आणि तुमची स्वतःची सावली नेमकी विळीवर, सुरीवर, कोथिंबिरीवर पडते. छतातल्या चार डाउनलाईटनीही तेच होणार, कारण ते खोलीच्या मध्यावर आहेत. ओट्यावरची वरची कपाटं करताय ना? त्यांच्या तळाला, पुढच्या कडेशी, अॅल्युमिनियमच्या प्रोफाईलमधली एलईडी स्ट्रिप लावून घ्या. मागे टाईल्सला चिकटवू नका. तिथे लावली तर उजेड टाईल्सवर जातो आणि हात अंधारात राहतात. पुढच्या कडेला सुताराकडून इंच-दीड इंचाची पट्टी खाली सोडून घ्या, म्हणजे स्ट्रिप डोळ्यांना दिसणार नाही. वर दुधी कव्हर हवंच. ते नसेल तर काळ्या ग्रॅनाईटमध्ये एलईडीचे ठिपके ओळीने चमकतात, आणि फोडणीचा तेलकट थर बसला की उघडी स्ट्रिप पुसता येत नाही. मीटरला १० वॉटची पुरते. शेगडीच्या वर मात्र ती नेऊ नका, तिथे चिमणीचा लाईट असतो. स्ट्रिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला लागेल तशी वीज पुरवणारी डबी, कपाटाच्या आत, हात पोचेल असा ठेवा. एलईडीआधी बहुतेक ड्रायव्हरच जातो आणि तो पीओपीत किंवा भिंतीत बुजवलेला असला की शंभराच्या कामाला हजार लागतात. छताला एक साधी पट्टी ठेवा, डबे काढायला-ठेवायला तेवढी बास.

आता पिवळा की पांढरा. घरोघरी हा वाद असतो. तुमच्या घरी आजी आणि नात दोघीही बरोबर आहेत, फक्त दोघींच्या जागा आणि वेळा वेगळ्या आहेत. खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारा केल्व्हिनचा आकडा असतो, जितका कमी तितका उजेड पिवळा. समईची ज्योत २००० च्या आसपास येते. ‘वॉर्म व्हाईट’ २७०० ते ३०००, दुकानदार ‘नॅचरल व्हाईट’ म्हणतो तो ४०००, आणि आपण ज्याला सरसकट व्हाईट म्हणतो तो ‘कूल डेलाईट’ ६५०० चा, निळसर. ६५०० चा लाईट मी घरात लावत नाही. त्या उजेडात रात्री जेवायला बसलं की ऑफिसच्या कँटीनमध्ये बसल्यासारखं वाटतं, आणि झोपायच्या आधी निळसर उजेड डोळ्यांवर असला तर झोपही लांबते. हॉल आणि बेडरूमला ३०००. ओटा, सासूबाईंचा लॅम्प आणि मुलीचं टेबल यांना ४०००. मुलीला सांगा, अभ्यास संपला की टेबल लॅम्प बंद आणि तिचा पिवळा लाईट चालू. दहावीच्या वर्षात हे तिला सोसेल आणि आवडेलही. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर लॅम्प डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली वहीवर येणार नाही. एकाच पट्टीत तिन्ही रंग देणारे लाईट मिळतात, बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो. मला ते पटत नाहीत. चार माणसांच्या घरात प्रत्येकाने बटण दाबलं की रंग बदलत राहतो.

केल्व्हिनइतकाच महत्त्वाचा पण कोणी न बघणारा आकडा म्हणजे सीआरआय. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते तो सांगतो. पांढऱ्या एलईडीच्या आत खरं तर निळी एलईडी असते, तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. लेप हलक्या प्रतीचा असेल तर त्या उजेडात लाल रंग कमी पडतो. मग टोमॅटो शिळे दिसतात, हळदीकुंकवाच्या करंड्यातलं कुंकू विटकरी दिसतं, आणि साडी दुकानात वेगळी नि घरी वेगळी वाटते. सीआरआय ८० च्या खाली घेऊ नका, ओटा आणि आरसा यांच्यासाठी ९० चा घ्या. आरशाच्या वर एक लाईट लावण्यापेक्षा चेहऱ्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना एकेक लावा. बाथरूममध्ये आयपी-६५ लिहिलेला, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा घ्या, तिथे वाफ आणि आपली दमट हवा दोन्ही असतात. बाथरूमबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत जा. घरातली एक लाल-हिरवी साडी, कपाटाच्या लॅमिनेटचा तुकडा आणि पोथी पिशवीत घाला. दुकानदाराला ३००० आणि ४००० चे दोन्ही बल्ब लावून दाखवायला सांगा, त्याखाली हे सगळं धरून बघा. मग बल्बसमोर पेन्सिल जोरजोरात हलवा. एका पेन्सिलीच्या जागी सुट्या सुट्या चार-पाच पेन्सिली दिसल्या तर तो बल्ब लुकलुकतो आहे, तो ठेवून द्या. शक्य तिथे होल्डरचा बल्ब लागेल असेच दिवे घ्या. बंद पॅनेलचा डाउनलाईट दोन वर्षांनी गेला की त्याच रंगाचा, त्याच मापाचा पुन्हा मिळत नाही आणि ओळीत एकच लाईट वेगळा दिसत राहतो. आणि बटणात छोटा लाल इंडिकेटर नको. त्यातून जाणाऱ्या बारीक करंटवर काही एलईडी बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत राहतात.

वायरमनला बोलवायच्या आधी बिल्डरला एक प्रश्न विचारा : भिंती विटांच्या की मायव्हानच्या? मायव्हान म्हणजे सबंध भिंतच काँक्रीटची ओतलेली. अशा भिंतीत नव्या वायरसाठी झिरी मारायची नसते, आतली सळई उघडी पडते आणि इमारतीला धोका होतो. पुनर्विकासाच्या बऱ्याच इमारतींत आता हीच पद्धत असते. तसं असेल तर सासूबाईंच्या लॅम्पची आणि पट्ट्यांची वायर भिंतीवरून जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या केसिंगमधून न्या आणि केसिंगला भिंतीचाच रंग द्या, महिन्याभरात डोळ्यांना दिसेनाशी होईल. लाईटचा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा खटका, प्लगच्या एमसीबीपासून वेगळा ठेवा, म्हणजे मिक्सरने तो पाडला तरी घर अंधारात जाणार नाही. वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बोर्डात आहे का तेही बघून घ्या. हॉलच्या दोन पट्ट्या एकाच बटणावर देऊ नका. बेडरूमचा लाईट टू-वे करा, एक बटण दाराशी आणि एक उशाशी. विटांची भिंत असेल आणि झिरी मारली गेली, तर ती बुजवण्याआधी शेजारी मेजरटेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. पुढे पडद्याचा रॉड किंवा फोटोफ्रेम लावायला ड्रिल मारताना कोणाच्या तरी हाती ते फोटो लागतील.

सासूबाईंना न्यायला विसरू नका. आणि खुर्ची घरचीच घ्या, त्या ज्या खुर्चीत रोज बसतात ती. उंची बदलली की फुलीची जागा बदलते.